वरच्या मजल्याचं छत तापतंय : पफ आतून फवारावा की गच्चीवरून?

प्रश्न थोडक्यात असा : बोरिवलीत सात मजल्यांची सोसायटी, इमारत साधारण पंचवीस वर्षांची, फ्लॅट सर्वांत वरचा. एप्रिल-मेमध्ये रात्री अकरालाही छताला हात लावला तर गरम लागतं, एसी रात्रभर चालवूनही खोली गार होत नाही. एक कंत्राटदार म्हणतो, छताला आतून दोन इंच पफ (फवारल्यावर फुगून घट्ट होणारा पॉलियुरेथेनचा फोम) मारू, खाली जिप्समचं फॉल्स सीलिंग करू, सोसायटीला विचारायचीही गरज नाही. अमेरिकेतल्या घरांखालच्या पोकळीत फोम फवारतानाचे व्हिडिओही पाहून झाले आहेत. तर आतून करावं की वरून, किती जाडीचं, आणि ते टिकतं का?

आतून करू नका. करायचं असेल तर गच्चीवरून करा, आणि त्यासाठी सोसायटीच्या कमिटीशी बोलायचा त्रास घ्यावाच लागेल.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. तिकडे लाकडी घर जमिनीपासून दोन-तीन फूट उचललेलं असतं आणि खाली रांगत जाण्याइतकी पोकळी राहते. तिच्या बाजूच्या भिंतींवर बंद पेशींचा, म्हणजे आतला प्रत्येक बुडबुडा बंद असलेला, फोम मारतात, जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरतात, हवेच्या खिडक्या बंद करतात. आपल्याकडे जोतं मुरुमाने भरून वर कोबा असतो, त्यामुळे ती पोकळीच नाही. शिवाय मुंबईत उष्णता खालून येत नाही, डोक्यावरून येते. पण त्या कामातला पहिला नियम इथेही चालतो : ओल काढल्याशिवाय फोमची गन हातात घ्यायची नाही.

छत रात्री का तापतं? स्लॅब आणि त्यावरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा मिळून नऊ-दहा इंचांचा जड थर होतो. दुपारी वरचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जातो आणि ती उष्णता खाली पोचायला पाच-सहा तास लागतात. म्हणून दुपारी तीनपेक्षा रात्री नऊला जास्त उकडतं. अशा छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत येते तो आकडा, साधारण २.६ निघतो. त्यावर ४० मिमी पफ आला की तो ०.५ च्या आसपास उतरतो. दहा बाय बाराच्या बेडरूमला ढोबळ हिशेब लावला तर छत सर्वांत तापलेलं असताना त्यातून सुमारे ९०० वॅट येत होते, ते १८० वर आले. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता उपसतो, म्हणजे त्याची पाव ताकद नुसत्या छतापायी जात होती. केंद्राच्या इको निवास संहितेत २०१८ पासून घरांच्या छतासाठी १.२ ही कमाल मर्यादा आहे. नुसता स्लॅब आणि कोबा तिच्या दुपटीहून वर जातो.

जाडीबद्दल कंत्राटदार नेहमी ‘जितका जास्त तितका चांगला’ म्हणतात. आकडे तसं म्हणत नाहीत. ४० मिमीने छतातून येणारी उष्णता सुमारे ८० टक्के कमी होते, ७५ मिमीने ८९ टक्के. वरच्या ३५ मिमीमुळे एकूण पैसे जवळपास दुप्पट आणि जास्तीचा फायदा नऊ टक्के. मुंबईच्या घराला ४० मिमी पुरे. मात्र ‘सरासरी ४०’ आणि ‘कुठेही ४० पेक्षा कमी नाही’ यांत फरक आहे, आणि करारात दुसरं वाक्य हवं.

आता आतून का नको. पंचवीस वर्षांच्या इमारतीत कधी ना कधी स्लॅबला ओल येणारच. आज ती तुम्हाला छतावरच्या पिवळ्या डागातून, फुगलेल्या रंगातून किंवा पंख्याच्या हुकापाशी पडणाऱ्या थेंबातून कळते. आतून फोम चिकटला की हे सगळे इशारे बंद. पाणी स्लॅबमध्येच मुरत राहतं, सळ्या गंजतात, गंजलेली सळी फुगून काँक्रीटचे पोपडे सोडवते आणि फोमसकट तुकडा खाली येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. दुसरं, फोम आतल्या बाजूला असला की स्लॅब पूर्वीइतकाच, किंबहुना जरा जास्तच तापतो, कारण त्याची उष्णता आता खोलीत उतरत नाही. रोज तापून फुगायचं आणि पहाटे आकसायचं हे चालूच राहतं, त्यातूनच कोब्याला भेगा जातात. वरून केलेल्या फोमने हीच ओढाताण थांबते, स्लॅबचं आयुष्य वाढतं. तिसरं, आग. पफ पेटला तर दाट विषारी धूर सोडतो, त्यामुळे राहत्या खोलीत तो उघडा ठेवणं धोक्याचं. जिप्सम बोर्ड असला तरी पंखा, दिवे आणि एसीच्या वायरी त्यातूनच जाणार आणि सीलिंगमध्ये भोकं पडणार.

आणखी एक पर्याय कंत्राटदार सांगणार नाही. खोलीत एसी नसेल आणि त्रास फक्त दीड-दोन महिन्यांचा असेल, तर आधी गच्चीला पांढरा परावर्तक रंग किंवा पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक करून पाहा. खर्च बराच कमी. पावसाळ्यात शेवाळं धरून तो काळवंडतो, म्हणून दर ऑक्टोबरमध्ये घासून धुवावा लागतो, एवढंच. पफचे पैसे खरे वसूल होतात ते एसी रोज चालतो तिथे. आणि खोलीची भिंत पश्चिमेची असेल तर छताला काहीही करा, संध्याकाळी ती भिंत तापणारच.

पफ करायचं ठरलं तर कामाचा निम्मा वेळ फवारणीच्या आधी जातो. गच्चीवर आधीपासून किती थर आहेत ते एका कोपऱ्यात फोडून पाहा. मुंबईत गळती झाली की जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर आणखी एक, असं खूप ठिकाणी झालेलं असतं. चार इंच कोब्याचं वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. दुसरा थर सापडला तर तो काढा, त्यावर फोम चढवू नका. इमारत तिशीकडे झुकली असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट तसंही महापालिकेच्या नियमाने करावंच लागणार आहे, ते आधी उरका.

मग भेगा इंग्रजी ‘व्ही’सारख्या खोदून पॉलिमर मॉर्टरने भरायच्या. कठड्याचं पोकळ वाजणारं प्लास्टर काढून नवं करायचं. गच्ची आणि कठडा मिळतात त्या काटकोनात दोन-तीन इंचांचा वाटा, म्हणजे मॉर्टरची गोलसर कड, घालायचा, कारण काटकोनात फोम नीट बसत नाही आणि कोपऱ्यातच चिरतो. पावसाळी पाइपांच्या तोंडाकडे १०० ला १ उतार आहे का ते बादलीभर पाणी ओतून बघा. फोम खालच्या उताराचीच नक्कल करतो. खाली डबकं असेल तर वरही डबकंच होणार. यानंतर वॉटरप्रूफिंगचा थर, आणि तोंडं बंद करून ७२ तास पाणी तुंबवून चाचणी. वरच्या मजल्याच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये जाऊन छत पाहायचं, फक्त तक्रार करणाऱ्याच्या नाही. ‘पफ स्वतःच वॉटरप्रूफ आहे, वेगळं काही नको’ असं जो सांगेल त्याला काम देऊ नका. बंद पेशींचा फोम पाणी फारसं पीत नाही हे खरं, पण पाणी फोमच्या पोटातून येत नाही. ते पाइपाभोवतून, कठड्याच्या टोकातून, नंतर मारलेल्या खिळ्यातून येतं, आणि एकदा फोमच्या खाली गेलं की वीस फूट दूर कुठेतरी ठिबकतं. मग उगम शोधायला सगळी गच्ची सोलावी लागते.

चाचणीचं पाणी सोडल्यावर निदान आठ-दहा कडक उन्हाचे दिवस द्या. वरून कोरडी दिसणारी गच्ची आत ओली असते. संध्याकाळी दीड फूट बाय दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा. आतून थेंब असतील किंवा खालचा पृष्ठभाग काळपट झाला असेल तर फवारणी पुढे ढकला. अशी तपासणी चार-पाच ठिकाणी, त्यातली एक पाण्याच्या टाकीजवळ नक्की. कारण रसायनातच आहे : फोम पॉलिओल आणि आयसोसायनेट या दोन द्रवांतून होतो, त्यांपैकी आयसोसायनेट पाण्याशी लगेच भिडतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. गच्चीत ओल असली की फोमच्या तळाशी वायूचे बुडबुडे होतात, फोम चिकटत नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात पुरीसारखे फुगे येतात.

म्हणूनच मुंबईत या कामाचा हंगाम नोव्हेंबरअखेर ते मार्च. एप्रिल चालेल. मेमध्ये सुरू केलं तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यातल्या पावसाआधी वरचा थर पुरा होईल की नाही याची धाकधूक राहते.

आता माल. घनता ४० ते ४५ किलो प्रति घनमीटर, बंद पेशी ९० टक्क्यांहून जास्त, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. मऊ, उघड्या पेशींचा स्वस्त फोम गच्चीवर अजिबात नको, तो पाणी पितो. फुगवणारा वायू कोणता हेही विचारा. एचसीएफसी-१४१बी या ओझोनच्या थराला घातक असलेल्या जुन्या वायूची आयात भारताने १ जानेवारी २०२० पासून थांबवली. आजही ‘जुनाच चांगला माल आहे’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. नुसत्या पाण्यावर फुगणारा फोम त्याच जाडीला थोडी जास्त उष्णता सोडतो, त्यामुळे तो असेल तर जाडी वाढवावी लागते.

किती माल लागेल हे कमिटीलाही काढता येतं. २०० चौरस मीटर गच्ची, ४० मिमी जाडी, म्हणजे ८ घनमीटर फोम. ४२ या घनतेने गुणा, ३३६ किलो. वाऱ्याने उडणारा, खड्ड्यांत जाणारा, कठड्यावर चढणारा धरून ४०० किलो. त्यात साधारण १९० किलो पॉलिओल आणि २१० किलो आयसोसायनेट, म्हणजे दोन्हींचं एकेक पिंप जवळजवळ संपलं पाहिजे. काम झाल्यावर पिंपं हलवून पाहा. निम्मी भरलेली पिंपं परत टेम्पोत चढत असतील तर जाडी किंवा घनता यांपैकी एक नक्की कमी पडली आहे.

फवारणीचं यंत्र दोन्ही द्रव सारख्या मापाने ओढतं, तापवतं आणि गनच्या तोंडाशी दाबाने एकत्र करतं. होज ४५ ते ५५ अंश आणि दाब ७० ते १०० बारच्या दरम्यान असावा. दोन्ही काटे यंत्रावर दिसतात, बघायला लाजू नका. अडीचशे किलोचं पिंप लिफ्टमध्ये घालायचं नाही, यंत्र खाली ठेवून होज बाहेरून वर न्यायचा. थ्री फेज वीज लागते आणि व्होल्टेज पडलं की हीटर मंदावतो, जाड झालेला द्रव कमी ओढला जातो आणि प्रमाण बिघडतं. मीटर रूममधून लोंबती वायर काढण्यापेक्षा जनरेटर बरा. प्रमाण बिघडलेला फोम ओळखणं कठीण नाही : आयसोसायनेट जास्त झालं तर तो गडद आणि बिस्किटासारखा चुरा होणारा, पॉलिओल जास्त झालं तर मऊ, चिकट आणि मासळीसारखा वास मारणारा. चांगला फोम फिकट क्रीम रंगाचा, अंगठ्याने दाबला तर परत वर येणारा. वाईट पट्टा आला तर तेवढा कापून काढून परत मारायचा, वरून चांगला थर मारून झाकायचा नाही.

एका थराला १२ ते १५ मिमी, असे तीन थर. एकाच वेळी दोन इंच फुगवला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, मध्यभागी तो करपतो आणि नंतर आकसून चिरतो. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीइतका खडबडीत चालेल. लाह्यांसारखा आला तर त्यावर रंग पोचत नाही, खाचांत भोकं राहतात. कठड्यावर फोम सहा ते बारा इंच वर न्यायचा आणि टोक प्लास्टरमध्ये कापलेल्या खाचेत संपवायचं. पावसाळी पाइपाच्या तोंडाभोवती एक फूट बाय एक फुटात फोम उतरता करत १०-१५ मिमीवर आणायचा, नाहीतर तोंडच उंचावर राहतं आणि पाणी बाहेर जात नाही.

वेळ सकाळी सात ते अकरा. त्यानंतर समुद्राकडून वारा सुटतो, आणि उडालेला फोमचा कण खालच्या गाडीच्या काचेवर, रंगावर चिकटला तर घासूनच निघतो. वाऱ्याच्या बाजूला हिरवी जाळी लावा, खालच्या गाड्या हलवा. पाण्याच्या टाकीची झाकणं प्लास्टिकने गुंडाळून टेप लावा, हे हमखास विसरलं जातं. वरच्या दोन मजल्यांच्या खिडक्या बंद, एसीची बाहेरची युनिट झाकलेली आणि बंद. आयसोसायनेटच्या वाफा फुप्फुसाला घातक असतात, एकदा त्याची ॲलर्जी लागली की पुढे थोड्याशाही संपर्काने दमा उसळतो. गन धरणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हवा, नाकाला रुमाल नव्हे. दम्याचे रुग्ण आणि लहान मुलं असतील तर वरच्या मजल्याने ती रात्र दुसरीकडे काढावी.

संध्याकाळी तपासणी. दर दहा चौरस मीटरला एक जाड सुई खुपसून खोली मोजा. मग दोन-तीन ठिकाणांहून १० बाय १० सेंमीचा तुकडा पूर्ण जाडीने कापा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. जाडी ४ सेंमी असेल तर वजन १६ ते १८ ग्रॅम भरायला हवं, थोडं जास्त आलं तरी हरकत नाही. १२-१३ ग्रॅम भरलं तर तो ३२ घनतेचा फोम आहे, पैसे ४२ चे घेतलेत. कापलेल्या तुकड्याच्या तळाशी खालच्या थराचे कण चिकटून आले पाहिजेत. तळ गुळगुळीत, चकचकीत निघाला तर फोम चिकटलेलाच नव्हता. कापलेली जागा त्याच दिवशी भरून घ्या.

उघडा फोम उन्हात पिवळा, मग तपकिरी होऊन पिठासारखा झडतो. कावळेही त्याला चोची मारून खड्डे करतात. त्यामुळे दोन-तीन दिवसांत झाकायचाच. कशाने, हे गच्चीचा वापर ठरवतो. तिथे वाळवणं घालतात, कोजागिरी होते, मुलं खेळतात, तर फोमवर जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम धाग्यांचं कापड), त्यावर जाळी घातलेला ५० मिमी काँक्रीटचा थर तीन-तीन मीटरच्या चौकोनांत, सांध्यांत सीलंट. फोम चौरस मीटरला जेमतेम पावणेदोन किलो, पण हा काँक्रीटचा थर ११० ते १२० किलो, म्हणून अभियंत्याला विचारल्याशिवाय नाही. गच्चीला कुलूप असेल तर लवचीक रंगाचे थर पुरतात. ॲक्रिलिक असेल तर वाळून ०.७५ मिमी जाडी हवी, त्यासाठी चौरस मीटरला सुमारे १.४ लिटर. २०० चौरस मीटरला वीस लिटरचे चौदा डबे, पृष्ठभाग खडबडीत असेल तर सोळा. इथेही रिकामे डबे मोजा. पहिला हात राखाडी आणि दुसरा पांढरा मागा, कुठे सुटलंय ते लगेच दिसतं. पाणी साचणाऱ्या जागी ॲक्रिलिक मऊ पडतं, तिथे पॉलियुरेथेनचा थर घ्या.

पैशांचं म्हणाल तर गच्ची सोसायटीची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चात येते. उष्णतेचा फोम त्यात आपोआप येत नाही. कमिटीपुढे जाताना कोटेशन तीन भागांत मागवा : वॉटरप्रूफिंग, फोम, वरचं आवरण. पहिला भाग सोसायटीचा, बाकीच्या दोघांत वरच्या मजल्यावरच्यांनी वाटा उचलायची तयारी दाखवली की सर्वसाधारण सभेत विषय लवकर मार्गी लागतो. हमी लिहून घेताना गळतीची आणि फोम सुटण्याची वेगवेगळी घ्या, आणि दोन्हींवर एकाच कंत्राटदाराची सही असू द्या, नाहीतर जुलैमध्ये दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

गच्चीवर पावसाळी पत्र्याची शेड असेल तर गोष्ट निराळी. तिथे फोम पत्र्याच्या आतल्या बाजूने मारतात. उष्णता आणि पावसाचा आवाज दोन्ही कमी होतात. पण आधी पत्र्यावरचं तेल, गंज आणि धूळ पूर्ण काढून प्रायमर हवा, नाहीतर तापून-निवून हलणाऱ्या पत्र्यावरून फोम थाळ्यांएवढ्या तुकड्यांनी सुटतो. एकदा फवारल्यावर त्या शेडवर वेल्डिंग करू देऊ नका. शेडला महापालिकेची परवानगी आहे का, हे फोमच्या आधी बघा.

काम पुरं झाल्यावर सर्वांत जास्त नुकसान करतात ते केबलवाले, डिश लावणारे आणि सोलर हीटर बसवणारे. फोमला एक भोक म्हणजे पाण्याला एक रस्ता. त्यांच्या स्टँडसाठी फवारणीच्या आधीच काँक्रीटचे चार-पाच ठोकळे बांधून ठेवा, गच्चीची किल्ली वॉचमनकडे न ठेवता सेक्रेटरींकडे ठेवा, आणि दर मेच्या पहिल्या आठवड्यात पाइपांची तोंडं साफ करताना रंगाला पडलेले ओरखडे त्याच रंगाने भरून घ्या.